चित्र घेताना नावही घ्या

आम्ही म्हणजे मुळशीतल्या बचत गटाच्या बायका. बोलणारी एक असली तरी सांगायचं ते सगळ्यांचं आहे. कर्ज, हप्ता, हिशेबाची वही यावर आपण पुष्कळदा बोललो. आज विषय चित्राचा आहे. चित्र विकत घ्यायचं, तेही काढणाऱ्याच्या हातून, आणि त्याचे पैसे मोजायचे.

हसू नका. आमच्यातही आधी हसूच झालं होतं. "घरात कॅलेंडर आहे, त्यावर लक्ष्मी आहे. आणखी चित्र कशाला?" असं आमच्या एक काकू म्हणाल्या. प्रश्न बरोबरच आहे. कॅलेंडरवरची लक्ष्मी छापखान्यातून निघते. तिच्यासारख्या हजारो, लाखो असतात. एक फाटली की दुसरी मिळते. हातानं काढलेलं मूळ चित्र मात्र एकच असतं. ते ज्याच्या घरी, त्याच्याच घरी. छापील पुस्तकात दिसतं ती त्याची नक्कल.

आपल्याला प्रदर्शनं काही नवीन नाहीत. पुण्यात डिसेंबरमध्ये भीमथडी जत्रा भरते, मुंबईत महालक्ष्मी सरस भरतं. आपण आंबेमोहोर तांदूळ, नाचणीचे पापड, कुरडया घेऊन बसतो. स्वतः करायचं, स्वतः पाकिटात भरायचं, स्वतः विकायचं. शहरात आता चित्रं काढणाऱ्यांचेही असे मेळे भरतात. इंडी कॉमिक्स फेस्ट नावाचा एक मेळा आपल्या देशातल्या वेगवेगळ्या शहरांत भरतो. अमेरिकेत तर असा एक मेळा १९९४ पासून भरतोय. कॉमिक्स म्हणजे चौकटीचौकटीतून चित्रांनी सांगितलेली गोष्ट. अमर चित्रकथा आपल्या मुलांच्या हातात असते, तसंच. फरक इतकाच, की या मेळ्यात बसलेल्या मुलामुलींच्या मागं कुठली कंपनी नसते. गोष्ट त्यांची, चित्रं त्यांची. छपाईचा खर्चही त्यांच्याच खिशातला. थोड्याशा प्रती काढायच्या, मधोमध पिना मारायच्या, टेबल मांडून बसायचं. आपल्याला हे सांगायला कशाला हवं? पापडाच्या जागी पुस्तक ठेवा, की झालं.

आणि त्या टेबलावर पुस्तकांच्या बाजूला बहुतेक वेळा एक फाइल असते. तिच्यात पुस्तकातल्या चित्रांचे मूळ कागद असतात. लोक पुस्तक चाळतात, पन्नास-शंभर रुपयांना घेतात आणि पुढं जातात. फाइल उघडणारे थोडे. ज्यांना चित्रं जमवायचा नाद असतो ते आधी फाइल मागतात, कारण खरा माल तिथं असतो.

अशी एक मुलगी आम्हाला पुण्यातल्या एका प्रदर्शनात भेटली. आमच्या स्टॉलपासून तिसरं टेबल तिचं. रेडिओवर नाव घेऊ का, असं तिला विचारलेलं नाही, म्हणून इथं घेत नाही. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा आमच्यातल्या दोघी-तिघी तिच्याकडं गेल्या आणि फाइल बघत बसल्या. त्यात एक चित्र होतं. बँकेची खिडकी. खिडकीसमोर डोक्यावर पदर घेतलेली म्हातारी. तिनं शाईला लावलेला अंगठा वर केलाय, आणि तो अंगठा बँकेच्या इमारतीपेक्षा मोठा काढलाय. साहेब खिडकीतून मान वाकडी करून त्याच्याकडं बघतोय. एक शब्द लिहिलेला नाही.

आमच्या गटातल्या आजींना बोलावून आणलं. त्यांना लिहितावाचता येत नाही. चित्र त्यांनी हातात धरलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "हा माझाच अंगठा हाय. आत्तापत्तोर किती कागदांवर लावला, त्याचा हिशेब नाय."

ते चित्र घ्यायचं, हे तिथंच ठरलं. किंमत विचारली. मुलगी म्हणाली, नऊशे. आमच्यातली एक लगेच बोलून गेली, "सातशेला दे." सवयच असते. तेवढ्यात आजी म्हणाल्या, "सकाळी त्या बाई तांदळाचे दहा रुपये कमी करा म्हणत होत्या, तवा तुला कसं झालं?" ती गप्प झाली. मैत्रिणींनो, आपण वर्षभर हे सोसतो. पापड लाटताना मनगटं भरून येतात, आणि गिऱ्हाईक म्हणतं, मॉलमध्ये स्वस्त मिळतात. त्या मुलीचं तेच चाललं होतं. आदल्या दिवशी एक गृहस्थ तिला म्हणाले होते, एवढ्याशा कागदाचे नऊशे? कागद पाच रुपयांचाच असतो. आपल्या पिठाचीही किंमत तेवढीच असते. बाकीची किंमत हाताची. परवडत नसेल तर चित्र घेऊ नये, छोटं पुस्तक घ्यावं, तेही नसेल तर नुसतं बघून "छान काढलंय" म्हणावं. हातानं केलेल्या वस्तूचा भाव पाडू नये, असं आमचं मत झालंय.

पण पैसे कुठून द्यायचे, यावर खरी बैठक झाली. स्टॉलच्या मागं, पोत्यांवर बसून. गटाच्या खात्यातून द्या, असं एकीनं सुचवलं. दुसरी म्हणाली, "नऊशे रुपयांत माझ्या पोरीच्या वर्षाच्या वह्या येतात." दोघींचंही म्हणणं ऐकून आम्ही ठरवलं, की बचतीच्या पैशाला हात लावायचा नाही. ते पैसे कुणाच्या आजारपणाचे, कुणाच्या बियाण्याचे असतात. आम्ही बाराजणी होतो. प्रत्येकीनं त्या दिवशीच्या आपल्या नफ्यातून पंचाहत्तर रुपये काढले. वह्यांचं बोललेली तिनंही दिले, आणि तिला कुणी आग्रह केला नव्हता. तुम्हालाही आमचं हेच सांगणं आहे. चित्र म्हणजे सोनं नव्हे, उद्या दुप्पट होईल म्हणून घेऊ नका. कुणी तसं सांगून विकत असेल तर उठून यावं. आवडलं, आपलं वाटलं, आणि हातात वरकड पैसे आहेत, तरच घ्यावं.

आता घेताना काय बघायचं ते सांगतो. खरं मूळ चित्र ओळखायला फार शिक्षण लागत नाही. कागद थोडा तिरका करून उजेडात धरा. शाईखाली पेन्सिलीच्या पुसट रेघा दिसतात. कुठं चुकलेलं पांढऱ्या रंगानं झाकलेलं असतं, तिथं बोट न लावताही उंचवटा कळतो. काळा भाग सगळीकडं सारखा काळा नसतो, ब्रश फिरलेला दिसतो. चौकटीबाहेर कुठं मोजमाप लिहिलेलं असतं, कुठं शाईचा डाग. छापलेल्या चित्रात हे काही नसतं, ते गुळगुळीत असतं. गोधडीची उलटी बाजू बघून टाके कुणाचे ते आपण ओळखतो ना, तसंच हे.

एक गोष्ट मात्र विचारून घ्यावी. आताची पुष्कळ मुलं कागदावर काढतच नाहीत, काचेच्या पाटीवर काढतात, म्हणजे टॅबवर. त्याचा मूळ कागद नसतोच. मग ते चांगल्या कागदावर ठरावीक प्रती छापतात, खाली पेन्सिलीनं "३/५०" असं लिहितात आणि सही करतात. पन्नासातली तिसरी प्रत, असा त्याचा अर्थ. त्यात फसवणूक काही नाही. पण ती प्रत आहे, आणि तिची किंमत प्रतीसारखीच असावी.

पूर्वी तर मूळ चित्राची कदर छापणाऱ्यांनाही नसायची. दिवाळी अंकासाठी चित्रकार चित्र पाठवायचा, छापखान्यात त्याचा ब्लॉक व्हायचा, अंक निघायचा, आणि मूळ कागद परत येईलच याची खात्री नसायची. शि. द. फडणीस हे नाव तुम्ही ऐकलं असेल. नाव नसेल आठवत, पण चित्रं पाहिलेली असतील. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या गणिताच्या पुस्तकात त्यांचीच चित्रं होती. त्यांचा जन्म २९ जुलै १९२५ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावचा. पुढं ते पुण्याचे झाले. त्यांच्या हास्यचित्रांना बहुतेक वेळा शब्दच नसतात, त्यामुळं ज्याला वाचता येत नाही तोही हसतो. त्यांनी आपली मूळ चित्रं सांभाळली आणि "हसरी गॅलरी" या नावानं त्यांची प्रदर्शनं भरवली. त्यातलं पहिलं मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत १९६५ साली झालं. अंकातलं चित्र रद्दीत जातं. मूळ राहिलं, म्हणून पुढच्या लोकांना ते भिंतीवर बघायला मिळालं.

चित्रांतून गोष्ट सांगणं शहरातल्या मुलांनी शोधून काढलं, असं मात्र समजू नका. आपल्या महाराष्ट्रात ते फार जुनं आहे. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथल्या ठाकर समाजाचे लोक चित्रकथी करतात. रामायण-महाभारतातल्या कथांची चित्रं कागदावर काढलेली, ती एकामागून एक लोकांसमोर धरायची आणि वाद्यांच्या साथीनं कथा गायची. चित्रांच्या एका गठ्ठ्याला पोथी म्हणतात. आपण आता कॉमिक्सची पानं उलटतो, तसं ते पोथीतली चित्रं उलटतात. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी ही कला धरून ठेवली. आपल्या गुरांच्या गोठ्याच्या जागी त्यांनी ठाकर आदिवासी कला आंगण नावाचं संग्रहालय उभं केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

तितक्या लांब जायला जमत नसेल, तर पुण्यात बाजीराव रस्त्यावर राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. तिथल्या संग्रहात चित्रकथीची जुनी चित्रं आहेत. दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, फण्या, स्वयंपाकघरातली भांडी अशा वीस हजारांहून जास्त वस्तू जमवल्या, आणि १९७५ साली सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. आपल्या आज्या-पणज्यांचं घरच आहे ते. गटाची सहल काढायची तर तिथं काढा. फक्त बघताना एक लक्षात घ्या. वस्तू कुठली ते कळतं, कशाची ते कळतं, पण ती कुणी केली ते बहुतेक ठिकाणी कुणालाच माहीत नाही. ज्यानं जमवलं त्याचं नाव दारावर आहे, ते योग्यच आहे. ज्यानं घडवलं त्याचं नाव तेव्हा कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं, मग संग्रहालय तरी कुठून आणणार? पोथीचंही तसंच. जुन्या चित्रकथी आज देशोदेशीच्या संग्रहालयांत पोचल्या आहेत. पोथी सुटून त्यातलं एकच पान कुणाच्या भिंतीवर लागलं, की त्याच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं ते सांगणारं कुणी राहत नाही. रथात बसलेला योद्धा दिसतो, तो निघाला कुठं ते कळत नाही.

बायकांच्या बाबतीत तर हे जास्तच झालंय. वारली चित्रं आता साडीवर, कपावर, सरकारी भिंतीवर सगळीकडं दिसतात. लग्नात भिंतीवर चौक काढायचं काम मुळात सवाशिणींचं. तांदळाचं पीठ, पाणी आणि बांबूची काडी. १९७० नंतर ही चित्रं कागदावर आली आणि बाजारात गेली. जिव्या सोमा मशे यांच्यासारखा फार मोठा कलावंत त्यातून जगापुढं आला. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्यांचं मोठेपण कुणी नाकारू नये. पण कागद आला, सही आली, पैसा आला, तेव्हा पुढं आलेली नावं बहुतेक पुरुषांची होती. ज्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिले, त्यांची नावं भिंतीबरोबर सारवली गेली.

म्हणून आम्ही चित्र घेतलं तेव्हा त्या मुलीला म्हटलं, बाई, मागच्या बाजूला तुझं नाव लिही. तिनं मऊ पेन्सिलीनं लिहिलं. बॉलपेननं लिहायचं नसतं, रेघ पुढच्या बाजूला उमटते, हेही तिनंच सांगितलं. नाव, गाव, तारीख, आणि हे चित्र तिच्या कुठल्या पुस्तकातलं कितवं पान, ते. मग तिनं विचारलं, तुमच्या आजी काय म्हणाल्या ते लिहू का? आजींना विचारून तेही लिहिलं. त्याखाली आजींनी अंगठा लावला. पावती वेगळी घेतली. गटाच्या वहीत नोंद केली. तुम्हीही कुणाकडून चित्र घेतलंत, मग ते वारली असो, चित्रकथी असो, नाहीतर या मुलांचं कॉमिक्स असो, तर एवढं नक्की विचारा. नाव काय, गाव कुठलं, गोष्ट कुठली, याच्या आधीचं आणि नंतरचं चित्र कोणतं. नवरा-बायको दोघं टेबलावर असतील तर काढलं कुणी, हेही विचारा. आम्ही एका ठिकाणी विचारलं, तेव्हा दादा म्हणाले मी काढलं, आणि वहिनी खाली बघून हसल्या. मग दादाच म्हणाले, रंग हिनं भरलाय. आम्ही म्हटलं, मग दोघांच्या सह्या करा.

आता एक कायद्याची गोष्ट, कारण आपल्या धंद्याशी तिचा संबंध आहे. पाकिटावर टाकायला मोबाइलवरून कुठलंतरी चित्र उतरवायचं, असं पुष्कळ ठिकाणी चालतं. ते चालत नाही. आणि तुम्ही पैसे देऊन मूळ चित्र घेतलंत, तरी ते पाकिटावर छापायचा हक्क त्याबरोबर येत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याप्रमाणं टेबलावरचं तयार चित्र विकत घेतलं तर कागद आपला होतो, छापायचा हक्क काढणाऱ्याकडंच राहतो. तो हवा असेल तर वेगळं लेखी घ्यावं लागतं. तो हक्क कलाकाराच्या हयातीत आणि त्याच्या मागं साठ वर्षं टिकतो. म्हणून पाकिटासाठी चित्र हवं तर सरळ कलाकाराला सांगा, पैसे ठरवा, कागदावर लिहून घ्या, आणि पाकिटाच्या कोपऱ्यात त्याचं नाव छापा. आपल्या गटाचं नाव आपण छापतोच की.

आता चित्र सांभाळायचं कसं. पुण्यातल्या माणसाला हे सोपं. आपल्याकडं जुलैत भिंतींना घाम फुटतो. ताम्हिणीत २०२४ च्या जुलैमध्ये एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता. अशा हवेत कागदाला बुरशी धरते, कसर लागते. लॅमिनेशन अजिबात करू नका. प्लास्टिक एकदा चिकटलं की चित्र कायमचं गेलं. सेलोटेप लावू नका, ती पिवळी पडते आणि डाग सोडते. फ्रेम करायची तर काच आणि चित्र यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट घालायला सांगा, काच कागदाला टेकता कामा नये, टेकली की पावसाळ्यात चित्र काचेला चिकटतं. पावसाचा मारा बसतो त्या बाहेरच्या भिंतीवर लावू नका, मधल्या भिंतीवर लावा. चुलीचा धूर आणि दुपारचं ऊन दोन्ही नको. स्केचपेनचा रंग उन्हानं उडतो, चांगली काळी शाई टिकते. आमचं चित्र ग्रामसंघाच्या खोलीत मधल्या भिंतीवर आहे. जून लागला की आम्ही ते उतरवतो, कोऱ्या कागदात गुंडाळतो आणि पत्र्याच्या पेटीत सगळ्यात वर ठेवतो. कडुलिंबाचा वाळलेला पाला फडक्यात बांधून पेटीच्या तळाशी असतो, चित्राला लागून नाही. दसऱ्याला परत भिंतीवर. आजी येऊन बघून जातात, आपला अंगठा जागेवर आहे का ते.

चित्र भिंतीवर लागल्यापासून एक झालं. गटातल्या मुली म्हणायला लागल्या, आम्हीही काढतो. याचीही एक सोपी रीत आहे. वर्ल्ड कॉमिक्स इंडिया नावाची संस्था आहे, शरद शर्मा यांनी सुरू केलेली. खेड्यापाड्यातल्या लोकांना त्यांनी चार चौकटींचं भित्तिकॉमिक्स काढायला शिकवलं. ए-फोर आकाराचे दोन कागद जोडायचे, चार चौकटी आखायच्या, गोष्ट काढायची, झेरॉक्स करायची आणि गावात लावायची. आमच्या मुलींनी पहिलं काढलं ते पाण्याच्या टँकरवर. धरण दारात आणि हंडा कोरडा, अशी गोष्ट. झेरॉक्स ग्रामपंचायतीच्या बाहेर लावली, दुसरी रेशन दुकानावर. ती वाऱ्यापावसानं गेली. मूळ कागद फाइलमध्ये आहे, मागं चौघींची नावं पेन्सिलीनं लिहिलेली आहेत. मुलींनी त्यावर किंमत घातलीय पाचशे रुपये, आणि कमी करणार नाही म्हणतात.

येत्या प्रदर्शनाला ती फाइल आम्ही तांदळाच्या पाकिटांशेजारी ठेवणार आहोत. तुम्ही येणार असाल तर तराजू आणि पिशव्यांबरोबर दोन कडक पुठ्ठे आणि एक मऊ पेन्सिल सामानात टाका. चित्र घेतलंत तर पुठ्ठ्यांमध्ये ठेवूनच आणा. एसटीच्या गर्दीत गुंडाळी चेपते.